नव्या वर्षात कामावर परतताना: सुट्टीच्या शेवटच्या दिवसापासून संक्रांतीपर्यंत

‘नव्या वर्षात सकारात्मक राहा’ असे मेसेज १ जानेवारीच्या सकाळी ढिगाने येतात. ते वाचून सोमवारी सकाळी साडेसहाला, नागपुरात पारा दहाच्या आसपास असताना, कुणाला रजईतून बाहेर यावंसं वाटलं असेल असं मला वाटत नाही. आधी उत्साह येईल आणि मग काम सुरू होईल, असा क्रम आपण धरून बसतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं घडतं. हातून एखादं काम पुरं होतं, कुणी दोन शब्द नीट बोलतं, दुपारी डोकं जड होत नाही आणि संध्याकाळी घरी निघताना जाणवतं की दिवस बरा गेला. म्हणून मनाची समजूत घालण्याचे उपाय या लेखात फारसे नाहीत. सुट्टीच्या शेवटच्या दिवसापासून मकर संक्रांतीपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, काय करायचं आणि काय मुद्दाम टाळायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी बघा, तुमची सुट्टी झाली तरी का?

कामावर परतण्याचे सल्ले वाचले की वाटतं, सगळं जग डिसेंबरभर लोळत होतं. नागपुरात तसं नसतं.

विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात आयटीत काम करणाऱ्यांचा क्लायंट अमेरिकेत किंवा युरोपात असतो. तो नाताळाला गायब होतो, त्यामुळे २५ डिसेंबरपासून इकडेही कामाची गती मंदावते. मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो ताजातवाना होऊन परततो आणि सगळे प्रश्न एकदम विचारतो. या मंडळींची अडचण मोडलेल्या लयीची असते.

सरकारी कार्यालयांचं चित्र वेगळं. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात होतं आणि ते बहुधा डिसेंबरात असतं. तारांकित प्रश्नांची उत्तरं, लक्षवेधीची टिपणी, रवी भवन आणि आमदार निवासातली व्यवस्था, पोलिसांचा बंदोबस्त, या सगळ्यात महिना संपतो. पाहुणे मुंबईला परतले की नेहमीच्या फायली टेबलावर वाट बघत असतात, शिवाय सभागृहात दिलेल्या आश्वासनांची यादी. या माणसाला ‘सुट्टीनंतर ताजेतवाने होऊन या’ म्हणणं म्हणजे थट्टाच.

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत १ जानेवारी हा बहुतेक ठिकाणी कामाचाच दिवस. ‘सुट्टी कायची भाऊ, फर्स्ट शिफ्टला होतो’ हे उत्तर ठरलेलं. हॉटेल, दवाखाने आणि दुकानांतल्या लोकांचा तर हाच सर्वांत धावपळीचा काळ असतो.

तेव्हा एका कागदावर खरं उत्तर लिहा: मी आळसावलोय की थकलोय? झोप पुरेशी झालेली आहे पण कामाला बसवत नाही, तर तुम्ही आळसावला आहात. पुढच्या पायऱ्या जशाच्या तशा करा. झोपूनही अंग दुखतंय, चिडचिड होतेय, डिसेंबरात एक रविवार धड मिळालेला नाही, तर तुम्ही थकला आहात. मग पहिली पायरी एकच. जादा कामाची बदली सुट्टी शिल्लक असेल तर त्यातला एक दिवस याच आठवड्यात घ्या, मार्चसाठी राखून ठेवू नका. मार्चमध्ये ती कुणी देत नाही.

सुट्टीचा शेवटचा दिवस घरी घालवा

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या रात्रीच्या गाड्या सकाळी नागपूरला पोहोचतात, म्हणून अनेक जण ‘सोमवारी सकाळी उतरतो आणि थेट ऑफिस गाठतो’ असा हिशेब करतात. दिवस वाचतो हे खरं, पण रात्रभर बर्थवर कूस बदलून, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन वर्षाची सुरुवात करायची असेल तर पुढचे तीन दिवस अंग साथ देत नाही. उत्तरेकडून येणार असाल तर हा बेत करूच नका. जानेवारीतल्या धुक्यामुळे दिल्लीकडच्या गाड्यांना किती उशीर होईल याचा नेम नसतो. समृद्धी महामार्गाने गाडी चालवत येणाऱ्यांचंही तेच. ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता रात्री एकट्याने कापून सकाळी साडेनऊला मीटिंगला बसणं हा पराक्रम नसून धोका आहे.

एक पूर्ण दिवस घरी मिळाला तर त्यात तीन-चार कामं उरकून घ्या. कपडे काढून ठेवा, स्वेटरसकट. गाडीत पेट्रोल आहे का बघा. ओळखपत्र, लॅपटॉपचा चार्जर, डब्याची पिशवी या तीन वस्तू पहिल्या दिवशी हमखास सापडत नाहीत. त्या दाराजवळ ठेवा. सोमवारच्या भाजीचं काय, हे रविवारी दुपारीच ठरवा.

ऑफिसचं कॅलेंडर उघडून सोमवारी कोणत्या मीटिंग आहेत तेवढं पाहा. मेल मात्र उघडू नका. रविवारी रात्री साडेनऊला वाचलेल्या मेलचं तुम्ही काहीच करू शकत नाही. ती फक्त उशाशी येऊन बसते.

झोपेचं गणित थोडं सविस्तर सांगतो, कारण पहिल्या आठवड्याचा मूड निम्म्याहून अधिक त्यावरच ठरतो. सुट्टीत आपण रात्री एकला झोपतो आणि नऊला उठतो. शरीराचं घड्याळ तिकडे सरकलेलं असतं आणि ते एका रात्रीत मागे येत नाही. रविवारी रात्री दहाला अंथरुणावर पडलात तरी बारापर्यंत छताकडे बघत राहाल. म्हणून तीन-चार दिवस आधीपासून उठण्याची वेळ रोज अर्धा-पाऊण तास अलीकडे आणा. झोपण्याच्या वेळेची फार काळजी करू नका. उठण्याची वेळ पक्की झाली की झोप तिच्यामागून येते. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. कॅफिनचं अंगातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पाचच्या चहाचा अर्धा भाग रात्री दहालाही तुमच्यासोबत जागा असतो. आणि हे सगळं वाचताना सुट्टी आधीच संपली असेल, तर निदान पहिल्या शनिवार-रविवारी पुन्हा नऊपर्यंत लोळू नका. सोमवारी परत तिथूनच सुरुवात करावी लागते.

पहिली सकाळ: आधी ऊन, मग फोन

जानेवारीच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. त्याआधी उठणाऱ्याला बाहेर मध्यरात्रच वाटते आणि शरीरही तेच समजतं. उजेड हा शरीराच्या घड्याळाला मिळणारा सर्वांत मोठा इशारा आहे. त्यामुळे ऊन आल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगावर घ्या. अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सला फिरायला जाता आलं तर उत्तम. नसेल जमत, तर गच्चीवर किंवा ओट्यावर चहाचा कप घेऊन उभं राहिलं तरी भागतं. या वेळात फोन घरातच राहू द्या.

नाश्ता करून निघा. आता पहिल्या दिवशी मित्र हमखास तर्री पोह्यांच्या ठेल्यावर बोलावणार. तिथलं दृश्य आपल्याला पाठ आहे. वाफाळणारे पिवळे पोहे, त्यावर हरभऱ्याच्या रश्श्याचा पळा, वर तरंगणारं लाल तेल, कच्चा कांदा, मूठभर शेव, लिंबाची फोड, आणि ठेलेवाल्याचा एकच प्रश्न: ‘तर्री अजून टाकू का?’ खा, अवश्य खा. वर्षाची सुरुवात चार ओळखीच्या चेहऱ्यांसोबत, उभ्याउभ्या, नाक पुसत करण्यासारखं दुसरं सुख या शहरात जानेवारीत नाही. फक्त सुट्टीत सावजी मटण आणि केक यांनी आधीच पोटाची परीक्षा घेतलेली असेल, तर तर्री जरा कमी सांगा. नागपूरकर हा सल्ला ऐकणार नाही हे मला माहीत आहे.

प्रवासासाठी एक सूचना. पहिला आठवडा शक्य असेल तर दुचाकीऐवजी मेट्रोने जा. सकाळच्या बोचऱ्या वाऱ्यात वर्धा रोडवरून मिहानपर्यंत गाडी चालवली की ऑफिसात पोहोचताना हात आणि मूड दोन्ही आखडलेले असतात. ऑरेंज लाइनने खापरीपर्यंत किंवा ॲक्वा लाइनने लोकमान्य नगरकडे, म्हणजे हिंगण्याच्या बाजूला जाता येतं आणि सीताबर्डीला गाडी बदलता येते. स्टेशनपासून पुढचं अंतर कसं कापायचं ते आधी पाहून ठेवा. गाडीत बसून मिळणाऱ्या वीस-पंचवीस मिनिटांत दिवसाची यादी लिहा. रील बघायला संध्याकाळची फेरी आहेच.

पहिले दोन तास

खरी कसोटी इथे आहे. खुर्चीवर बसतो, संगणक सुरू होतो आणि न वाचलेल्या मेलचा आकडा दिसतो. सरकारी कार्यालयात असाल तर ई-ऑफिसमध्ये साचलेल्या फायली दिसतात. त्या आकड्याकडे बघताच छातीत धस्स होतं आणि माणूस चहाला उठतो. तो अकरापर्यंत परत येत नाही.

रात्रभर थंडीत उभ्या राहिलेल्या गाडीला किक मारून कुणी लगेच पूर्ण ॲक्सिलरेटर पिळत नाही. पहिल्या दोन तासांत नवीन, अवघड, डोकं लावायचं काम हातात घेऊ नका. या वेळेत फक्त निवडानिवड करायची.

मेल जुन्याकडून नव्याकडे वाचायला सुरुवात केली की माणूस फसला. २६ डिसेंबरला कुणीतरी घाईने विचारलेला प्रश्न २८ तारखेला दुसऱ्याच कुणीतरी सोडवलेला असतो. तुम्ही मात्र २६ चं वाचून घाबरून उत्तर लिहायला बसता. म्हणून प्रत्येक विषयातली सर्वांत अलीकडची मेल आधी उघडा. त्याहून सोपी युक्ती म्हणजे सगळ्या मेल पाठवणाऱ्याच्या नावाने लावा. साहेबांच्या, क्लायंटच्या आणि ज्यांचं काम तुमच्यामुळे अडतं अशा दोन-तीन जणांच्या मेल पहिल्यांदा पाहा. ज्यात तुमचं नाव फक्त माहितीसाठी आहे त्या एका फोल्डरमध्ये टाका आणि शुक्रवारपर्यंत विसरा. खरंच महत्त्वाचं असेल तर त्याआधी फोन येईल.

आता एक कोरा कागद घ्या. त्यावर दोनच याद्या करा: आज, आणि या आठवड्यात. बाकी काही असेल ते फोल्डरमध्येच राहू द्या. ‘आज’च्या यादीत तीनपेक्षा जास्त कामं आली तर चौथं खाली ढकला. प्रत्येक कामापुढे पुढची नेमकी कृती लिहा. ‘ऑडिटचं बघणे’ असं लिहिलं तर उद्याही तसंच राहतं. ‘अकाउंट्समधून नोव्हेंबरची व्हाउचर मागवणे, दुपारी तीनला’ असं लिहिलं तर होतं.

हे लिहून काढणं नुसती शिस्त म्हणून सांगत नाही. अपुरी कामं डोक्यात घोळत राहतात, हे प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की काम पुरं झालं नसलं, तरी ते केव्हा आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरला की त्याचं मनात डोकावणं कमी होतं. साचलेल्या कामाचा ताण निम्मा कागदावर उतरतो तो असा.

व्हॉट्सॲपचं काय? ऑफिसच्या ग्रुपवर फुलं, फटाके आणि दिव्यांचे शंभर फोटो साचलेले असतील. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसू नका. सगळ्यांसाठी एक ओळ, की झालं.

जेवणाच्या आत एक काम पुरं करा

यादी झाली की तिच्यातलं सर्वांत लहान काम उचला आणि संपवा. अर्ध्या तासात होणारं, शेवट असलेलं काम हवं. एखादं पत्र पाठवणं, एक बिल मंजुरीला टाकणं, लायनीवर खोळंबलेल्या मशीनचा सुटा भाग मागवणं. यादीतल्या त्या ओळीवर आडवी रेघ मारा.

मोठ्या कामाला पहिल्याच दिवशी हात घातला तर संध्याकाळी ते दहा टक्के झालेलं असतं आणि ‘दिवसभर काय केलं?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. लहान पुरं झालेलं काम ते उत्तर देतं. मंगळवारपासून मोठं काम उघडा, पण सकाळच्या पहिल्या तासात आणि मेल बंद ठेवून.

पहिल्या आठवड्यात एक कंटाळवाणं कामही उरकून टाका, कारण ते न केल्याने फेब्रुवारीत मूड जातो. पगारदारांकडे कंपन्या साधारण जानेवारीत गुंतवणुकीचे पुरावे मागतात. जुनी करप्रणाली निवडली असेल तर करसवलतीची दीड लाखापर्यंतची गुंतवणूक, घरभाड्याच्या पावत्या, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन, एवढं एका फाइलमध्ये काढून ठेवा. वेळेत दिलं नाही तर फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून कर जास्त कापला जातो. मग परतावा मिळवायला विवरणपत्र भरेपर्यंत थांबावं लागतं. नव्या प्रणालीत गुंतवणुकीची ही सवलत नाही, तेव्हा तुम्ही कशात आहात हे तेवढं एकदा तपासा.

माणसांकडे परतणं

कामापेक्षा माणसांमुळे ऑफिस नकोसं वाटतं, हे कुणी उघड म्हणत नाही. पहिल्या दिवशी याकडे मुद्दाम लक्ष द्या.

तुम्ही चिखलदऱ्याला किंवा ताडोबाला होतात तेव्हा कुणीतरी तुमची जागा सांभाळत होतं. त्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून तुम्हाला मिळाली. सगळ्यात आधी त्याच्या टेबलाशी जा. वाघ दिसला की नाही हे सांगण्याआधी विचारा, ‘माझ्या मागं काय काय झालं? तुला जास्त त्रास तर नाही झाला?’ त्याने जे सांभाळलं त्यातलं एखादं नाव घेऊन आभार माना. ‘थँक्यू हं’ एवढ्याने भागत नाही. ‘त्या पेंशनवाल्या काकांची केस तू मार्गी लावली, बरं झालं’ असं म्हटलं की तो जानेवारीभर तुमचा माणूस असतो. नागपूरकर बाहेर जाताना संत्रा बर्फी नेतो, परत येताना मात्र हात हलवत येतो, अशी माझी जुनी तक्रार आहे. पाव किलो काहीतरी आणा. डबा उघडला की चार लोक जमतात, गप्पा होतात, आणि ऑफिस ऑफिससारखं वाटू लागतं.

मग चहाच्या टपरीवरची रडारड. ‘काय म्हणते नवीन वर्ष?’ ‘काय म्हणणार बापा, तेच ते.’ पाच मिनिटं ती चालू द्या. त्यात आपलेपणा असतो, ती तोडणारा माणूस कुणालाच आवडत नाही. पण तीच टपरी दिवसातून चार वेळा, त्याच चौघांसोबत आणि त्याच तक्रारींसाठी होत असेल, तर एक फेरी वगळा. ठरवून हसरा चेहरा घेऊन फिरण्याची गरज नाही. उलट सोमवारी सकाळी फार उत्साही असलेल्या माणसापासून लोक दोन हात लांबच राहतात.

कुणाशी डिसेंबरात खटका उडाला असेल तर तो पहिल्या दिवशी काढू नका. त्यासाठी संक्रांत आहे. तिळगुळाची वडी हातावर ठेवायला तुम्हाला कारण शोधावं लागत नाही आणि समोरच्याला नाही म्हणता येत नाही. ‘त्या दिवशी जरा जास्तच बोललो मी, तिळगूळ घ्या’ एवढं वाक्य पुरतं. ज्या भांडणावर एचआरचं पत्र चालत नाही, त्यावर हा उपाय चालताना मी पाहिला आहे.

दुपार

डबा खा, दहा मिनिटं उन्हात चाला. जानेवारीत दुपारचं ऊन अंगावर घेण्याजोगं असतं, मे महिन्यात हे कुणी सांगणार नाही. चारच्या चहासोबत समोशाऐवजी संत्रं आणि मूठभर फुटाणे ठेवा. नागपुरात राहून जानेवारीत संत्रं खायचं नाही, तर कुठे राहून खायचं?

तुम्ही साहेब असाल तर

पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला वर्षाची उद्दिष्टं दाखवणारं पन्नास स्लाइडचं सादरीकरण ठेवू नका. निम्म्या लोकांचं लक्ष साचलेल्या मेलवर असतं आणि उरलेल्यांचं घड्याळावर. बैठक बुधवारी किंवा गुरुवारी घ्या. सोमवारी फक्त टेबलाटेबलावरून एक चक्कर मारा. ज्यांनी सुट्टीत काम सांभाळलं त्यांचं नाव सगळ्यांसमोर घ्या आणि त्यांची बदली सुट्टी केव्हा, ते तिथेच ठरवा. अधिवेशनाच्या कामात अडकलेल्या किंवा ३१ डिसेंबरला तिमाही बंद करणाऱ्या बँकेतल्या लोकांना ‘चला, नव्या जोमाने लागा’ म्हणण्याआधी दोन दिवस श्वास घेऊ द्या. जानेवारी ते मार्च ही शर्यत आहेच, ती ६ तारखेला जिंकायची नसते.

संकल्प संक्रांतीपर्यंत थांबवा

हा माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा आहे आणि घरोघरी यावर वाद होतो. १ जानेवारीला पहाटे पाचला उठणं, जिम, गोड बंद, इंग्रजी सुधारणं आणि ऑफिसात रोज वेळेवर पोहोचणं, हे सगळं एकदम सुरू करण्याइतका वाईट मुहूर्त नाही. झोप बिघडलेली असते, थंडी असते, काम साचलेलं असतं. चौथ्या दिवशी पहाटेचा गजर बंद होतो, आणि मोडलेल्या संकल्पाचं ओझं घेऊन माणूस ऑफिसात जातो.

सुट्टीतून मिळालेला ताजेपणा कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच बराचसा ओसरतो, असं संशोधक जेसिका डी ब्लूम यांच्या नेदरलँड्समधल्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. म्हणजे पहिल्या आठवड्यात उतरणारा उत्साह हा तुमचा दोष नाही, तो उतरणारच होता. मग त्याच आठवड्यावर संकल्पांचा भार कशाला?

नव्या सुरुवातीसाठी १ जानेवारीच लागते असंही नाही. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवड्याची, महिन्याची किंवा सत्राची सुरुवात, वाढदिवस, अशा कोणत्याही सीमारेषेनंतर लोक आपल्या उद्दिष्टांकडे जास्त जोराने वळतात. मग आपल्याकडे संक्रांत आहे की. तोवर झोप ताळ्यावर आलेली असते, मेलचा ढीग उपसलेला असतो, आणि या वर्षी आपल्याला नेमकं काय बदलायचं आहे हे कामाच्या दोन आठवड्यांनी दाखवून दिलेलं असतं.

त्या दिवशी एकच संकल्प घ्या, कामाशी संबंधित. तो ‘जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन’ अशा साच्यात लिहा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकापासून या पद्धतीवर काम केलं आहे. नुसत्या इच्छेपेक्षा ती जास्त टिकते, कारण केव्हा करायचं हा निर्णय आधीच झालेला असतो. उदाहरणार्थ, ‘संध्याकाळी सहाला संगणक बंद करण्याआधी उद्याची तीन कामं कागदावर लिहीन.’ किंवा ‘कुणी घाईचं काम आणलं, तर हो म्हणण्याआधी आजची यादी बघेन.’ किंवा दुकानात असाल तर, ‘शटर ओढण्याआधी दिवसाचा हिशेब वहीत उतरवीन.’

किती दिवसांत सवय लागेल? ‘२१ दिवसांत’ असं सर्रास ऐकू येतं, त्यावर विश्वास ठेवू नका. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. १५ जानेवारीला सुरू केलं तर ६६ दिवस मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भरतात. म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमाराला हिशेब मांडता येतो.

दोन आठवड्यांनंतरही मन लागत नसेल

आळस दहा-बारा दिवसांत जातो. नाही गेला तर दोन शक्यता तपासा. पहिली, काम किंवा जागाच चुकीची आहे. हे कळायला साधी खूण आहे: सोमवारी नको वाटणं सगळ्यांना होतं, पण बुधवारी दुपारी, कामात असतानाही, रोज नको वाटत असेल तर नोंद ठेवा. महिनाभर नोंद ठेवा आणि मगच निर्णय घ्या. जानेवारीत रागाने दिलेला राजीनामा बहुधा मार्चमध्ये महागात पडतो.

दुसरी शक्यता अधिक गंभीर आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज उदास वाटणं, आवडीच्या गोष्टीतही रस न उरणं, झोप किंवा भूक बिघडणं, आपण निरुपयोगी आहोत असे विचार येणं, ही आळसाची लक्षणं नव्हेत. यावर यादी आणि सकाळचं ऊन पुरत नाही, डॉक्टरांकडे जायला हवं. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटतोय असा विचार मनात आला, तर त्याच क्षणी फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी सांगा.

आणि लगेच पुढची सुट्टी ठरवा

‘आत्ताच तर आलास’ असं साहेब म्हणतील, पण हे काम जानेवारीतच करायचं असतं. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना कॅलेंडर वर्षात ८ नैमित्तिक रजा मिळतात आणि १ जानेवारीला १५ दिवसांची अर्जित रजा खात्यावर जमा होते, पुढची १५ दिवसांची १ जुलैला. खासगी कंपनीत असाल तर मागच्या वर्षातल्या किती रजा पुढे आल्या आणि किती बुडाल्या, ते याच आठवड्यात विचारून घ्या. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढा. २६ जानेवारी, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, होळी, या तारखा कोणत्या वाराला येतात ते पाहा. एखादी शुक्रवारी किंवा सोमवारी येत असेल तर एकही रजा न घालवता तीन दिवस मिळतात, मंगळवारी किंवा गुरुवारी आली तर एका रजेत चार. शनिवारी काम असेल तर त्याप्रमाणे हिशेब बदला.

होळीला पुणे-मुंबईहून घरी येणाऱ्यांची आणि इकडून तिकडे जाणाऱ्यांची एकच झुंबड असते. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं, पूर्वीसारखं १२० दिवस आधी नाही. त्यामुळे मार्चमधल्या होळीची तिकिटं जानेवारीतच सुटतात. रजेचा अर्ज आज टाका, आणि खिडकी उघडेल त्या तारखेला सकाळी आठचा गजर लावून ठेवा.